अख्ख्या गल्लीची मावशी

"कोण म्हणलं?"

माझ्या सासूबाईंना तुम्ही काहीही सांगा, पहिलं उत्तर हेच यायचं. नळाला पाणी आलंय म्हणून सांगितलं तरी "कोण म्हणलं?" आता आमच्या शहरात नळाला पाणी आलं या बातमीवर चटकन विश्वास ठेवणारा माणूस वेडाच म्हणायचा. पण ह्या बाई हंड्यात धार पडत असल्याचा आवाज ऐकू येत असतानाही विचारायच्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, स्वतः जाऊन धारेखाली बोटं धरायच्या आणि म्हणायच्या, "व्हय, आलंय खरं."

डॉक्टरचीही सुटका नव्हती. "मावशी, साखर वाढलीय तुमची." "कोण म्हणलं?" "मीच म्हणतोय. रिपोर्टमध्ये आलंय." "रिपोट कोणी काढला?" शेवटी डॉक्टरांनी लॅबवाल्या बाईंना बाहेर बोलावलं. मावशींनी त्यांचा चेहरा नीट बघून घेतला आणि तेव्हा कुठं चहातली साखर कमी केली. बंद नाही, कमी. बाई घाईत दिसली, म्हणाल्या.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी असेलच. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवून बघणारी, पेढा हातात आला की आधी कारण विचारणारी. अशा बायकांना आपण खवचट म्हणतो आणि सोडून देतो. मी सोडून दिलं नाही, कारण मी तशीच आहे. वाळूजला एका कारखान्यात मी क्वालिटीला असते. समोर आलेला नग खराबच आहे असं धरून चालायचं, हेच माझं काम. एका घरात अशा दोघी आल्यावर काय होणार? एकीनं भाजीत मीठ टाकलं की दुसरी चाखून बघायची.

लग्न होऊन मी बिडकीनहून हडकोतल्या ह्या घरात आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या दिवशी मी प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "तुझ्या आईला मी काय म्हणू? आई म्हणू का?"

"मावशी म्हण."

"का?"

"मी मावशी म्हणतो. दादा मावशी म्हणतो. सगळेच म्हणतात."

दादा म्हणजे माझे थोरले दीर, पुण्याला नोकरीला असतात. मला हे थोडं चमत्कारिक वाटलं, पण फार नाही. माझे वडील स्वतःच्या आईला जन्मभर वहिनी म्हणत आले, कारण घरातले धाकटे काका म्हणायचे. मराठी घरात आईला आई न म्हणायची शंभर कारणं सापडतील. तेव्हा मीही मावशी म्हणायला लागले.

हळूहळू मात्र लक्षात यायला लागलं की यांचं मावशीपण घरापुरतं नाही. दूधवाला मावशी म्हणायचा, गिरणीवाला मावशी म्हणायचा. समोरचे निवृत्त गुरुजी वयानं त्यांच्यापेक्षा मोठे, तेही मावशी म्हणायचे. शहागंजातले बांगड्यावाले रफीकभाई 'आओ मौसी' म्हणून स्टूल पुढं सरकवायचे. गल्लीत एक नवीन बिऱ्हाड आलं, त्या पोरीनं चुकून 'काकू' म्हटलं, तर मावशींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"काकू नाय. मावशी."

"बरं काकू... मावशी."

"हां. इथं मला मावशीच म्हणतात."

एवढं बजावायचं काय कारण? मी ते मनात टिपून ठेवलं.

रफीकभाईंच्या दुकानात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे करमणूक असायची. हिरव्या बांगड्या घ्यायच्या तर एकेक बांगडी कानाशी नेऊन नखानं वाजवणार. "मौसी, इत्ते साल से ले रे तुम. अपने पे भरोसा नै क्या?" ते विचारायचे. "भरोसा है, इसलिए तो आती मैं. नै तो दूसरी दुकान में नै जाती?" असं म्हणून त्या पुढची बांगडी वाजवायच्या. रफीकभाई माझ्याकडं बघून हात जोडायचे. मी काय करणार, मीसुद्धा तोवर दुसऱ्या डझनाचे सांधे तपासत असायची.

खरी गंमत सोयगावचे पाहुणे आले की व्हायची. सोयगाव हे त्यांचं माहेर, आणि सासरही तिथलंच. आपल्या माहेरचं माणूस आलं की बाई हरखून जाते. ह्या मात्र दाराच्या आवाजालाच उठून उभ्या. पाहुण्यानं चप्पल काढायच्या आत हुकूम सुटायचा, "प्रशांत, जा, दही आण." फ्रिजमध्ये दह्याचं भांडं भरलेलं असलं तरी. तो बिचारा दही घेऊन आला की, "आता खारी आण." मग पाहुण्याच्या शेजारी भाजीचं ताट घेऊन ठाण मांडायचं, ते पाहुणा उठेपर्यंत. प्रशांतशी त्या माणसाची एकट्यानं गाठ पडणार नाही, याचा पुरता बंदोबस्त. एकदा एक म्हातारे काका प्रशांतच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "पोरगं अगदी..." आणि मावशींच्या हातून ताट पडलं. सगळी मेथी फरशीवर. काकांचं वाक्य मेथी वेचण्यात राहून गेलं.

ताट पडलं नव्हतं, पाडलं होतं. मी शपथेवर सांगते.

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? माझ्या नवऱ्याबद्दल सोयगावच्या लोकांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून ही बाई जिवाचं रान करतेय. जमिनीची भानगड म्हणावी तर प्रशांत साधा लेथवरचा माणूस. आजार म्हणावा तर रेड्यासारखा धडधाकट. मग राहिलं काय?

ते काय, हे मला पितृपंधरवड्यात कळलं. म्हणजे कळलं असं मला वाटलं.

आमच्या घरी दरसाल नवमीला एक सवाष्ण जेवायला बसते. तिची ओटी भरायची, तिला हिरव्या बांगड्या द्यायच्या, पोटभर खीर-पुरी वाढायची. प्रशांतनं पानाला नमस्कार करायचा आणि कामावर जायचं. पहिल्या वर्षी मी विचारलं, "मावशी, आज कोणाचं?"

"माझ्या सासूचं."

मी मान हलवली, आणि हलवता हलवता थांबले. नवमी ती अहेव नवमी. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिची. आणि बैठकीत आजेसासूबाईंचा फोटो लावलेला होता: गळा मोकळा, कपाळ मोकळं. आमचे सासरे, म्हणजे नाना, फार बोलत नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी मलाही सांगितली होती की वडील गेले तेव्हा ते चौथीत होते आणि आईनं एकटीनं वाढवलं. मग विधवा बाईचं पान अहेव नवमीला कसं? मावशींसारखी रीतीभातीची पक्की बाई ही चूक करणारच नाही.

म्हणजे ह्या घरातली कोणीतरी बाई कुंकवासकट गेली होती. तिच्या पानाला प्रशांत नमस्कार करत होता. आणि तिचं नाव मला सांगायचं नव्हतं.

मी ताडकन निष्कर्षाला आले. माझ्या नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं होतं!

हसू नका. मी दीड वर्ष ह्या संशयावर काढलं. प्रशांतनं भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की माझ्या डोक्यात यायचं, पहिलीला जमत असेल बरोबर. त्याच्या मावसबहिणीच्या लग्नात जुन्या बायका माझ्याकडं टकामका बघत होत्या, तेव्हा मला वाटलं, तुलना चाललीय. त्याला सरळ विचारायची माझी छाती झाली नाही. हो म्हणाला असता तर मग पुढं काय करायचं होतं मी?

मग तो मे महिना आला. आमच्या कॉलनीच्या महिला मंडळानं मातृदिनाचा कार्यक्रम ठरवला आणि 'आदर्श माता' म्हणून मावशींचा सत्कार करायचं नक्की केलं. अध्यक्षबाई मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "तू त्यांची सून, परिचय तूच लिहून दे. चांगला लिही हं, लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे."

मावशी तेव्हा गच्चीवर कुरडया घालत होत्या. ऊन तापायच्या आत काम उरकायचं म्हणून आम्ही दोघी सकाळीच वर गेलो होतो. गरम चीक सोऱ्यात भरून मी देत होते आणि त्या प्लॅस्टिकच्या कागदावर गोल फिरवत होत्या.

"मंडळ तुमचा सत्कार करणार आहे. आदर्श माता म्हणून."

"कोण म्हणलं?"

"अध्यक्षबाई."

"तिचं काय अडलंय माझ्याकडं?"

"अडलं काही नाही. कौतुक करायचंय तुमचं. पोरांना इतकं चांगलं वाढवलंत म्हणून."

त्यांचा हात थांबला. अर्धी कुरडई तशीच राहिली. "सख्ख्या आईचं कौतुक करतं का कोणी? आईनं पोरं वाढवली तर त्यात शाल कशाची घालायची? सूर्य उगवला म्हणून हार घालतेत का?" आणि एकदम बारीक आवाजात, "तिला कोणी काय सांगितलं का गं?"

सख्ख्या! माझी नोकरीच अशी की असा शब्द कानातून सुटत नाही. काय झालं कोण जाणे, दीड वर्ष घशात अडकलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"मावशी, खरं सांगा. प्रशांतचं आधी लग्न झालं होतं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की चिकाचा हात डोळ्याला लागला. "अगं बया बया! माझ्या पोराला पयली बायको? त्याला एक मिळाली तीच नशिबानं!" पदरानं डोळे पुसता पुसता पुन्हा हसू. मीही ओशाळून हसायला लागले. मग त्यांचं हसणं जरा जास्तच वेळ चाललं, आणि माझ्या लक्षात आलं की ते हसणं राहिलेलं नाही.

"तुला कोण म्हणलं हे?"

"कोणीच नाही. नवमीला सवाष्ण जेवते. आजेसासूबाई तर विधवा होत्या. मग नवमी कोणाची?"

मावशी उठल्या. जिन्याचं दार लावून आल्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या.

"लई हुशार हायस. बिडकीनची ना." थोडा वेळ त्या हाताला लागलेला चीक खरवडत राहिल्या. "माझी बहीण हाय ती. थोरली. प्रशांतची आई."

मी सोऱ्या हातात धरून बसून राहिले.

"तिच्या बाळंतपणाला म्हणून आले होते मी. आले ती राहिलेच. प्रशांत अंगावर पीत होता तेव्हाच ताप आला तिला, अन् गेली. थोरला साताचा पण नव्हता. घरच्यांनी ठरवलं, पोरांना परकी आणण्यापरीस हिलाच देऊ. मला कोण विचारतंय? पण मला विचारलं असतं तरी मी व्हय म्हणले असते. तो माझ्या खांद्यावर झोपायला शिकला होता."

तेराव्याला गाव जेवायला होतं, म्हणाल्या. हात धुता धुता लोक एकमेकांना सांगत होते, माय मरो अन् मावशी जगो. "माझी बहीण मेली अन् मला शाबासकी देतेत! त्या दिसापासून गोड बोलणाऱ्याचं मला भ्या वाटतं."

सोयगावात राहिलं तर कोणी ना कोणी पोराच्या कानाशी लागणारच. म्हणून नानांच्या पाठी लागून त्यांनी बदली करून घेतली आणि इथं बिऱ्हाड केलं. शाळेत नाव घालताना तेव्हा बापाचंच नाव विचारायचे, आईचं कोणाला पाहिजे होतं? सगळं जमलं. एकच शब्द आड येत होता. थोरला त्यांना मावशी म्हणायचा. त्याच्या तोंडात आई बसेना, आणि यांनी बसवलीही नाही. त्यानं आपली आई बघितली होती, तिची जागा मागायची कशी? पण दादा मावशी म्हणतो आणि मी आई म्हणतो, हे धाकट्याला आज ना उद्या खटकलंच असतं.

"मग म्हणलं, सगळ्यांनाच म्हणू द्या. दूधवाल्याला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं. अख्ख्या गल्लीची झाले मी मावशी. इतक्या जणांची मावशी म्हणल्यावर खरी कोणाची हाय, कोण शोधतंय? थोरल्याला तेवढं सांगितलं, बाळाला कधी सांगायचं नाय. अजून नाय सांगितलं त्यानं. लई गुणाचं पोरगं."

एक शब्द लपवायचा म्हणून या बाईनं अख्खं शहर कामाला लावलं होतं, आणि लपवलेला शब्द रोज सगळ्यांच्या तोंडात होता. मी स्वतः लग्नापासून त्यांना खरं तेच म्हणत होते.

"पण आता सांगायला काय हरकत आहे?" मी म्हटलं. "प्रशांत काय लहान आहे? उलट जास्तच मानेल तुम्हाला."

"तेच तर नको ना!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "जास्त कशाला मानायचं? हे बघ. दुसरीत होता, पतंगाच्या नादात कठड्यावर चढला. ह्याच गच्चीवर. लाटण्यानं झोडला मी त्याला. सांजच्याला माझ्याच मांडीवर डोकं ठेवून वरण-भात खाल्ला. आई मारती, पोरगं रडतं, संपलं. त्याला ठाऊक असतं तर? म्हणला असता, सख्खी असती तर मारलं नसतं. तो म्हणला नसता तरी मला वाटलं असतं, मनात म्हणतोय. मग माझा हातच उठला नसता. अन् तो पडला असता खाली."

मग त्या म्हणाल्या, "मला चांगलं नव्हतं व्हायचं गं. चांगली मावशी असती. मला आई व्हायचं होतं."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी राहिलेली अर्धी कुरडई पुरी केली आणि म्हणाल्या, "एकच घोर हाय. तिची नवमी. मी हाय तोवर खोटं बोलून का होईना, तिला घास मिळतोय. माझ्यामागं कोण घालणार? सांगावं तर माझं पोरगं जातं, न सांगावं तर माझी बहीण उपाशी राहती."

त्यावरही तोड त्यांनी काढून ठेवलेली होती. नानांच्या आधी आपण जायचं! म्हणजे आपलीही अहेव नवमी होते, दोघींचा दिवस एकच येतो, आणि पोरगं माझं पान मांडील तेव्हा तिचंही मांडलं जाईल. "तू दोन सवाष्णी सांगायच्या. त्यानं विचारलं तर म्हण, आमच्याकडची रीत हाय."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. नानांची रक्तदाबाची गोळी रोज त्या स्वतः हातावर ठेवायच्या आणि गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावायच्या. नाना शिंकले तरी डॉक्टर. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई नवऱ्यावर जीव, अशी पतिव्रता बघितली नाही. नाना मुकाट्यानं जीभ दाखवायचे. बिचाऱ्यांना ठाऊक होतं की नाही, आपल्याला जगवण्यामागं केवढा डाव आहे ते?

"प्रशांतला बोलशील का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कशावरून?"

मी सोऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. तरी त्यांचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून प्रशांत आणि मी स्वयंपाकघरात दोघंच बोलत असलो की ह्या काहीतरी शोधायला आत यायच्या. कधी चाळणी, कधी काडेपेटी. आमच्या घरात लायटर होता.

सत्काराला त्या गेल्या. नाही म्हटलं तर लोक का म्हणून विचारतील, हा त्यांचा हिशेब. परिचय मी लिहिला, पण सांगितला त्यांनीच. "लिही, स्वभाव तिखट हाय. लिही, पोरांना मारलं. लिही, कोणाचं ऐकत नाय." अध्यक्षबाईंनी तो वाचला तेव्हा कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही, सगळा मंडप हसत होता. शाल घातली, ती त्यांनी उलटी करून शिवण बघितली. नारळ कानाशी नेऊन हलवला. आणि मग अध्यक्षबाईंनी माईक प्रशांतपुढं धरला, "मुलानं आईविषयी दोन शब्द बोलावेत."

मावशींचा चेहरा असा झाला की मला धावत जाऊन माईकची वायर उपटावीशी वाटली. आता हा म्हणणार, देवासारखी आई, त्यागाची मूर्ती. गुणगान ऐकून ही बाई तिथंच बसेल.

प्रशांतनं घसा खाकरला. "मावशीनं मला लई मारलंय," तो म्हणाला. "दादाला कमी, मला जास्त. आंब्याची बाठी मला द्यायची अन् फोडी पाहुण्यांना. सहावीत गणितात नापास झालो तर आठ दिवस बोलली नाही. अजूनही मी घरी यायला उशीर केला की दार उघडत नाही, आधी खिडकीतून तोंड बघती. माझी एवढी तक्रार मंडळानं लिहून घ्यावी."

लोक टाळ्या पिटत होते. मी मावशींकडं बघितलं. कुरकुर ऐकून इतकं सुखावलेलं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही. शाल त्यांनी डोक्यावरून घेतली होती आणि आतल्या आत त्या हसत होत्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "बाठीच आवडायची त्याला. लबाड." आणि माझा हात दाबला, एकदाच.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. मग त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी नानांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "गोळी घेतली का?" नानांनी सगळ्यांसमोर जीभ वर करून दाखवली. संध्याकाळी त्या गेल्या. कपाळावर मळवट भरताना बायका म्हणत होत्या, भाग्याची गं, कुंकवानं गेली. मी त्यांच्यात उभी राहून ओरडून रडत होते. सासूसाठी सून एवढी रडते म्हटल्यावर दोघी-तिघींना माझा संशय आला असणार. येऊ दे. मला माझी आई गेल्यासारखं झालं होतं आणि मला ते कोणापासून लपवायचं नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या पितृपंधरवड्यात मी नवमीला गल्लीतल्या दोन सवाष्णींना सांगून आले. दादा पुण्याहून येऊ शकले नाहीत. मी पहाटेपासून स्वयंपाकात होते आणि मनात एकच वाक्य घोकत होते, आमच्याकडची रीत हाय, आमच्याकडची रीत हाय. शेजारी शेजारी दोन पाट मांडले, दोन पानं मांडली, दोघींना बसवलं. प्रशांत अंघोळ करून आला आणि दाराशी उभा राहिला. दोन्ही पानांकडं बघत राहिला. आता विचारतो की मग विचारतो, म्हणून मी ते वाक्य पुन्हा घोकून घेतलं.

त्यानं विचारलं, पण भलतंच.

"थोरलीचं पान कुठलं?"

"काय?"

"थोरल्या बहिणीचं. आधी तिथं वाढायला पाहिजे ना?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. कधीपासून ठाऊक होतं, कोणी सांगितलं, असलं काही विचारायची ती वेळ नव्हती. मी उजवीकडच्या पानाकडं बोट दाखवलं. त्यानं तिथं वाकून खीर वाढली, पुरी वाढली, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला. उठला आणि दुसऱ्या पानापाशी आला. तिथं बसलेली शेजारीण पदर सावरून वाट बघत होती. पळी भरलेली होती, पण त्याचा हात खाली जाईना. दोनदा त्यानं प्रयत्न केला.

मग त्यानं पळी माझ्या हातात दिली.

"आईला तू वाढ," तो म्हणाला. "मला नाही जमणार."